मोटारीपाशी उभी बायको

बायकोच्या हातचा मार खाऊन तिचे उपकार मानलेत का कुणी? म्या मानतो.

छातीत मशीन बसवून चार महिने झाले होते. हृदयाचे ठोके लई बिघडले, की ते आतनंच झटका देतं. एकदा परंड्याच्या रानात विहिरीवरची पाण्याची मोटार चालू करायला स्टार्टरचं बटण दाबलं, अन् नेमका तवाच मशीननं झटका दिला! म्या जोरात बोंबललो. बायकोला वाटलं, करंटनं धरलं. तिनं वाळकी काठी उचलून माझ्या हातावर सपासप हाणली.

"अगं, छातीतलं मशीन हाय ते!"

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" म्हणून तीच रडायला लागली.

धाराशिवच्या डॉक्टरांनी मशीन तपासलं. म्हणाले, "झटका बसला म्हणून वाचलात."

तरी पुढं बटणाकडं हातच जाईना. मग बायको रोज काठी घेऊन शेजारी उभी राहू लागली.

"दाबा. म्या हाय."

त्या झटक्यापुढं काठीचा काडीचा उपयोग न्हाय, हे दोघांनाबी ठाऊक हाय. पण मशीननं जीव वाचवला, अन् बटण दाबायचं बळ मातर त्या काठीनं दिलं.