जाड कड मागे

पुंजाराम : मास्तर, पुस्तकातनं पाकीट पडलं. ह्याच्यावर सफाळ्याच्या पोस्टाचा शिक्का हाय. आपल्या दीपिकाचं का?

बळवंत : दे इकडे. खूण म्हणून ठेवलंय. पान हरवेल.

पुंजाराम : खूण? ह्ये तर पत्र हाय. मागच्या फेब्रुवारीचं. गाडी फिरली त्याच महिन्यातलं. काय उत्तर धाडलंत तुमी?

बळवंत : नाही धाडलं.

पुंजाराम : वर्ष व्हायला आलं!

बळवंत : नऊ महिने आणि काही दिवस. तो पाना दे. रविवारी मैदानावर गाड्यांची स्पर्धा आहे आणि हर्षितच्या गाडीची मागची चाकं अजून बसवायची आहेत.

पुंजाराम : चाकं कुटं पळून जात नाय. सरावली गावातलं ह्ये गॅरेज माझं हाय, माझा पाना हाय, मी देईन तवा देईन. काय लिवलंय पोरीनं?

बळवंत : वाच ना.

पुंजाराम : माझं हात तेलाचं. तुमी वाचा.

बळवंत : वाचायला नको. पाठ आहे. "सर, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते. तिसऱ्या वळणावर गाडी फिरून टायरांच्या भिंतीत गेली, त्याचा रोज विचार करते. मी वळणात अॅक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलला, हे खरं. पण त्याच्या आधीपासून, सरळ जातानासुद्धा, गाडीचं बूड हलत होतं असं मला वाटलं. खरंच हलत होतं, की मला उगाच वाटलं? गाडी तुम्ही तपासलीत. तुम्ही सांगाल ते मी मानेन. पायच चुकला असेल, तर मी हे सोडून देते."

पुंजाराम : आन् दिलं की सोडून. आता दर रविवारी मैदानावर येते आन् दुसऱ्यांसाठी नारंगी शंकू मांडते. शंकू पडला की पळत जाऊन उभा करते. स्पर्धेतला तो नीलेश तिला 'पायउचल' म्हणतो, ती हसते.

बळवंत : हसते?

पुंजाराम : तोंडावर हसते. पण मास्तर, पाय तर तिनं उचललाच होता. तुमीच नव्या पोरांना शिकवता, वळणात शिरायच्या आधी ब्रेक मारा, आत गेल्यावर अॅक्सिलरेटर हलका धरून ठेवा, दीपिकासारखा एकदम पाय उचलू नका. नाव घेऊन सांगता.

बळवंत : हो. नाव घेऊन सांगतो.

पुंजाराम : मग दोन ओळींचं उत्तर धाडायला काय झालं?

बळवंत : पुंजाराम, तू मघाशी मला हसत होतास. हर्षितच्या गाडीला मी ही पाचर किती वेळा बसवून काढली?

पुंजाराम : चार वेळा. बोटभर पत्र्याची पट्टी ती, एक कड जाड, एक कड बारीक. अक्सल आन् चाकाच्या मधी घालायची, झालं. आंधळा पण बसवील.

बळवंत : जाड कड कुठे यायला हवी?

पुंजाराम : मागं. मंग चाकाचं तोंड केसभर आत वळतं आन् वळणात गाडीचं बूड जागेवर राहतं.

बळवंत : आणि जाड कड पुढे आली तर?

पुंजाराम : तर तोंड बाहेर. सरळ जाताना पण गाडी शेपूट हलवणार. वळणात पाय उचलला की गरकन् फिरणार... मास्तर?

बळवंत : हो.

पुंजाराम : दीपिका चालवायची त्या लाल गाडीला?

बळवंत : दोन्ही चाकांना.

पुंजाराम : तुमी? आयटीआयला चोवीस वर्षं फिटिंग शिकवलंत. मला शिकवलंत. एवढं उलटं कसं बसलं?

बळवंत : पुस्तकातलं चित्र वरून काढलेलं आहे. गाडीचं नाक पानाच्या वर, जाड कड खालच्या बाजूला. मी गाडीखाली उताणा पडलो होतो, डोकं मागच्या बंपरकडे. चित्र डोळ्यांसमोर होतं. खाली म्हणजे पायांकडे, असं म्हणून मी जाड कड पायांकडे ठेवली. माझे पाय गाडीच्या नाकाकडे होते.

पुंजाराम : आन् दोरी? बाजूनं दोरी ताणून माप घेतोच की आपण.

बळवंत : घेतलं. माप उलटं आलं. मला वाटलं, दोरी सैल आहे. पुस्तक चुकेल असं वाटलं नाही आणि मी चुकेन असंही वाटलं नाही. दोरीच चुकली म्हणालो.

पुंजाराम : थांबा, थांबा. गाडी आपटून हितं आली, तवा तुमी मला चहा आणायला धाडलं. मी म्हटलं पोराला सांगतो, तर म्हणालात, नाय, तूच जा, आलं घालून आण.

बळवंत : तेवढ्यात चाक काढलं. बघितलं. दोन्ही पट्ट्या फिरवून बसवल्या.

पुंजाराम : आन् मी आलं घालून चहा घेऊन आलो.

बळवंत : तू विचारलंस, काय झालं असेल हो मास्तर? मी म्हणालो, गाडीत काही नाही, पायाची चूक. चहा पीत म्हणालो.

पुंजाराम : आन् मार्चात तीच गाडी हर्षितनं स्पर्धेत पळवली आन् दुसरा आला. सगळी म्हणाली, पघा, गाडी चांगलीच हाय, बाईच्या पायात दम नाय. मी पण म्हटलं, मास्तर. मी तिच्यासमोर म्हटलं.

बळवंत : तुला ठाऊक नव्हतं.

पुंजाराम : तुमाला होतं! तुमी बाजूला उभं होतात, चष्मा पुसत!

बळवंत : ओरड. ओरडायलाच हवं कोणीतरी.

पुंजाराम : का नाय बोललात? कोण मारणार होतं तुमाला?

बळवंत : कोणी नाही. पण मी जन्मात कधी साठच्या वर गाडी हाकली नाही, पुंजाराम. जे सांगतो ते वाचलेलं. स्प्रिंग किती कडक, टायरात हवा किती, सगळं पुस्तकातलं. मैदानावर तरणी मुलं सर सर करत भोवती जमतात, तेव्हा दरवेळी वाटतं, आज पकडला जाणार. आणि खरंच पकडला जायची वेळ आली, तेव्हा ती मुलगी स्वतःच म्हणाली, मी पाय उचलला. मला नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं मला जमतं.

पुंजाराम : नुसतं गप्प नाय ऱ्हायलात. शिकवलंत तिच्या नावानं.

बळवंत : दुसऱ्या वेळेपासून मलाच ते खरं वाटायला लागलं. तेच सगळ्यात वाईट.

पुंजाराम : तिला बुडाखाली गाडी हलताना कळली, मास्तर. आपल्या मैदानावर कुणाला कळतं ते? हर्षितला टायर पंक्चर झाला तरी कळत नाय. आन् तीच पोरगी शंकू उचलते... बसा. ह्या डब्यावर बसा. कागद घ्या.

बळवंत : आत्ता?

पुंजाराम : घरी गेलात की पुन्हा पुस्तकात घालाल.

बळवंत : लिहिलेलं आहे. वहीत. सहा वेळा लिहिलंय.

पुंजाराम : वाचा सहावं.

बळवंत : "चि. दीपिकास अनेक आशीर्वाद. मागील चाकांचा कोन हा वळणातील स्थैर्याच्या दृष्टीने महत्त्वाचा घटक असून, त्यात किंचित फरक पडल्यास वजन पुढे सरकताना मागील टायरांची पकड..."

पुंजाराम : ह्यात तुमी कुटं हाय?

बळवंत : तिसऱ्या पानावर येतो.

पुंजाराम : तिथं तरी काय म्हणता?

बळवंत : "बसवताना काही त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

पुंजाराम : फाडा.

बळवंत : पुंजाराम, ती मैदानावर येणंच सोडेल. माझं तोंड बघणार नाही.

पुंजाराम : नाय पघितलं तर नाय. तिनं काय विचारलंय? पाय का गाडी. एवढंच विचारलंय ना?

बळवंत : हो.

पुंजाराम : मंग एवढंच लिवा. पयल्या ओळीत. मी हर्षितचं चाक चढवतो. जाड कड मागंच हाय, मी पघितली, तुमी नका उठू.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, बोईसरच्या पोस्टाच्या दारात.)

पुंजाराम : चिकटवलंत पण? मला वाचायचं होतं.

बळवंत : पाठ आहे. "दीपिका, तू विचारलं होतंस, पाय की गाडी. गाडी. मागच्या दोन्ही पट्ट्या मी उलट्या बसवल्या होत्या. बूड हलतंय असं तुला वाटलं ते अगदी बरोबर होतं. त्याच दिवशी मला कळलं आणि मी लपवलं. वर तुझं नाव घेऊन मुलांना शिकवत राहिलो. तू पाय उचललास हे खरं, पण नीट बसवलेल्या गाडीनं ते सहज पोटात घातलं असतं. क्षमा मागायला फार उशीर झालाय, तरी मागतो. बळवंत."

पुंजाराम : आशीर्वाद नाय लिवले?

बळवंत : मी कोण तिला आशीर्वाद देणार?

पुंजाराम : हं. आन् पुन्हा चालव, असं?

बळवंत : लिहिलं होतं. खोडलं. ते तिचं ती ठरवेल. मी सांगितलं की ती ऐकते, पुंजाराम, तीच तर भीती आहे.

पुंजाराम : टाका मंग. पेटीचं तोंड धरून उभं ऱ्हायलात. मागं लोकं खोळंबलीत.

बळवंत : टाकलं.

पुंजाराम : पडलं का आत? अडकलं नाय ना?

बळवंत : पडलं. आवाज आला. आज मंगळवार, शनिवारच्या आत सफाळ्याला तिच्या हातात पडेल.

पुंजाराम : चला, चहा मारू. आन् रविवारी?

बळवंत : स्पर्धेआधी सगळी मुलं जमतात ना, तेव्हा त्यांना सांगणार आहे. नीलेशला, हर्षितला, सगळ्यांना. चित्र काढून दाखवतो, मी कसा झोपलो होतो ते.

पुंजाराम : मंग ह्या पत्राचा खटाटोप कशाला केलात, मास्तर? ती तिथंच असल की शंकू मांडत. तोंडानंच कळलं असतं.

बळवंत : नको. सगळ्यांच्या आधी तिला एकटीला वाचता यायला हवं.