तिसऱ्या कडव्यातला शब्द

लेक: म्हणजे माझ्या गाण्याचा कागद तुम्ही पाळकांना दिलात. मला न विचारता.

बाप: दिला नाही गं. इथे मिक्सरवर ठेवला होता, त्यांनी उचलला. जरा माईकसमोर उभी राहा. एक-दोन-तीन म्हण.

लेक: एक, दोन, तीन. मिक्सरवर कशाला ठेवायचा?

बाप: मग काय डोक्यावर ठेवू? कुठे गिटार, कुठे नुसता गळा, हे समोर असल्याशिवाय मी आवाज कसा लावणार? अजून म्हण. कुठूनतरी घरघर येतेय.

लेक: चार, पाच, सहा. वाचून काय म्हणाले?

बाप: काही नाही. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

लेक: आणि?

बाप: म्हणाले, काका, दीड तासात लोक यायला लागतील. आणि फोन लावत बाहेर गेले. ही वायरच गेलेली दिसतेय. जुन्या वायरी फेकू नका म्हणून सांगतो, तरी कोणीतरी नवी घालतं.

लेक: बाबा, वायर सोडा. तुम्हाला काय वाटतं?

बाप: मला काय वाटायचंय? तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं, त्याची प्रार्थना आहे. चर्चमध्ये आहे. पुढच्या बाकांवर तिची संडे स्कूलची पोरं बसणार. तेवीस वर्षं तिने त्यांना तोंड सांभाळून बोलायला शिकवलं.

लेक: ती पोरं आता पोराबाळांची झाली. त्यांची तोंडं ऐकलीत का कधी?

बाप: बाहेर काय ते बोलू देत. या दाराच्या आत नाही.

लेक: मला आतलं एक आणि बाहेरचं एक अशी दोन तोंडं नाही ठेवता येत.

बाप: म्हणून तर सहा वर्षं दाराच्या बाहेरच राहिलीस.

लेक: राहिले नाही. ठेवलंत. माझ्या तीन कॅसेटींवर तुम्ही गायनवृंदाचा सराव भरलात. एका सुट्टीत. मी आजोळी गेले होते तेव्हा.

बाप: काय होतं त्या कॅसेटींत, ते तुलाही माहीत आहे. दर चौथ्या ओळीला शिवी.

लेक: दर चौथ्या? मोजल्या होत्या?

बाप: दुकानात दिवसभर स्पीकर दुरुस्त करतो मी. लोक आपली गाणी लावूनच तपासायला देतात. कान बंद ठेवून धंदा होतो का?

लेक: आईने तरी माझं गाणं पुसलं नाही. ती फक्त बटण फिरवायची.

बाप: हं. ते मात्र खरं.

लेक: भाकऱ्या थापत असली तरी. पिठाचा हात तसाच टेपरेकॉर्डरवर. आवाज एकदम खाली, दोन क्षण थांबायची, परत वर.

बाप: बटणाच्या खाचेत पीठ जाऊन बसायचं. ते मीच काढायचो, पिनेने.

लेक: आणि दर वेळी उशीर. शिवी सगळ्यांनी ऐकलेली असायची आणि पुढची साधीसुधी ओळ बटणाखाली जायची. मला त्या सगळ्या गाण्यांतल्या शिव्या पाठ आहेत बाबा, शिवीनंतरचं काय ते अजून माहीत नाही.

बाप: हसवू नकोस. माईक बदलतोय मी.

लेक: सकाळपासून तेच चाललंय. चौथ्यांदा तोच माईक बदललात. बसा जरा.

बाप: बसून काय करू? बसलं की बाकावर तिची गादी दिसते.

लेक: बाबा, एकदाच सांगते. हे गाणं नाही तर मी नाही. साडेसहाची गाडी आहे, गिटारची पिशवीसुद्धा अजून उघडलेली नाही.

बाप: धमकी देतेस?

लेक: नाही. मी आईसाठी दुसरं काही लिहूच शकले नाही. वर्षभर बसले होते. एवढंच आलं.

बाप: थांब. परत घरघर. बघ, म्हटलं नव्हतं? पाळकसाहेब आले. यांच्या खिशातल्या फोनची आहे ती. यांना फोन आला की माझा स्पीकर कण्हतो.

पाळक: चर्चचे मोठे पंचच होते, काका. आता ठेवला. ताई, बसता का? गाणं चांगलं आहे, हे आधी सांगतो. दुसरं कडवं वाचताना मला माझी आई आठवली आणि ती ठणठणीत आहे.

लेक: मग?

पाळक: त्या दुसऱ्या कडव्यावरही एका पंचाने फोनवर विचारलं. अंघोळ घालताना छातीवरचा टाका दिसतो, ते. चर्चमध्ये छाती कशाला, म्हणे. मी म्हटलं, आजार छातीचाच होता, त्याला काय मी कोपर म्हणू? तो विषय मिटला. तिसऱ्या कडव्याचा मिटत नाही.

लेक: एक शब्द आहे.

पाळक: एकच. पण तो देवाला आहे. "हरामखोरा, बास कर आता." मी काय काय बसवून पाहिलं. "करुणाकरा" बसतं. अक्षरंही पाचच.

लेक: अर्थ उलटा होतो.

पाळक: होतो खरा. पण ओळ मोडत नाही.

बाप: पाळकसाहेब, तुम्ही उपदेश लिहा. गाणी राहू द्या.

पाळक: बरं, राहिली. ताई, मला लोक सोवळा समजतात, तेवढा मी नाही. माणूस देवावर चिडतो. शास्त्रात रडारड आहे, देवाशी भांडण आहे, मी त्यावर बोलतो सुद्धा. पण आपल्या मंडळीत एक बाई आहेत. शेवटच्या बाकावर बसतात. नाव सांगत नाही. एकोणीस वर्षं रोज रात्री हाच शब्द नवऱ्याच्या तोंडून त्यांनी ऐकलाय, आणि शब्दामागून हात. त्या मला म्हणाल्या होत्या, मी इथे येते कारण इथे तो ऐकू येत नाही. त्यांना मी काय सांगू?

लेक: म्हणजे मी गाऊ नये?

पाळक: मी भांडत नाही. खरंच विचारतोय.

लेक: मला माहीत नाही. पण शब्द माझा नाही. मी शिवी द्यायची म्हणून दिलेली नाही. तो आईचा आहे.

पाळक: कोणाचा?

लेक: आईचा. गेली त्याच्या पाच दिवस आधीचा. तिच्या तोंडचा.

बाप: पाळकसाहेब, तुमचा फोन वाजतोय. बघा, स्पीकर कण्हला.

पाळक: वाजत नाहीये, काका.

बाप: वाजेल. पंच थांबलेत ना? तुम्ही बाहेर जाऊन बोला त्यांच्याशी. काय ठरतं ते या सांगायला.

(पाळक बाहेर जातो. बाप गुंडाळलेली वायर सोडतो, परत गुंडाळतो, आणि तिसऱ्यांदा सोडताना तिचं टोक कुठे होतं हेच त्याला सापडत नाही.)

लेक: त्यांना का घालवलंत?

बाप: तू हे लोकांत का बोललीस?

लेक: खरं आहे म्हणून.

बाप: अर्धं खरं. तू शब्द तिचा घेतलास आणि देवाच्या नावावर खपवलास. माझी लाज राखायला. मला कळत नाही असं वाटतं तुला?

लेक: तुमची लाज? तुमचा काय संबंध?

बाप: आता तू तरी नाटक करू नकोस. मी दाराआड होतो.

लेक: कुठल्या दाराआड?

बाप: स्वयंपाकघराच्या. त्या दिवशी चादर बदलायला तिला कुशीवर वळवलं मी. नर्स म्हणाली होती, दोघांनी वळवा, खांदा आणि कंबर एकदम. तू औषध आणायला गेली होतीस, मला धीर निघाला नाही. एकट्यानेच वळवलं. तिचा हात अंगाखाली अडकला. तिचं ते ओरडणं... मग तू आलीस. मी गरम पाण्याचं निमित्त काढून आत गेलो. आणि आतून ऐकलं. हरामखोरा, बास कर आता.

लेक: बाबा.

बाप: एकतीस वर्षांत तिने मला कधी "अहो" सोडून हाक मारली नाही. एकदा मारली, ती अशी. तिचं बरोबर होतं. मी घाई केली. पण तू ते गाण्यात घालून, सगळ्या मंडळीसमोर, मीच लावलेल्या स्पीकरवरून... म्हणून मी कागद इथे उघडा ठेवला. कोणीतरी वाचावा आणि नको म्हणावं. मला नको म्हणता येईना.

लेक: म्हणजे मुद्दाम ठेवलात.

बाप: हो. मुद्दाम.

लेक: वर्षभर तुम्ही हे घेऊन बसलात?

बाप: कुठे ठेवणार होतो मग?

लेक: तुम्हाला नव्हतं ते. ऐका. इकडे बघा, वायरीकडे नको. तुम्हाला नव्हतं. मी उशाशी होते. तिने डोळे मिटले होते. एका हाताला सलाईन होतं. दुसऱ्या हाताने तिने माझा हात धरला, जेवणाआधी धरायची ना, तसा. मला वाटलं दुखतंय म्हणून धरला. आणि ती म्हणाली, हरामखोरा, बास कर आता, किती बघत बसशील. माझ्या माणसाला आता होत नाही.

बाप: काय?

लेक: माझ्या माणसाला आता होत नाही, म्हणाली. तुम्हाला. तुमच्यासाठी भांडत होती ती.

बाप: हे तू आत्ता रचतेस.

लेक: आणि मग म्हणाली, आमेन.

बाप: ...आमेन म्हणाली?

लेक: स्पष्ट. आणि मीही म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं. एवढी मोठी शिवी देवाला, आणि मी आपली खाली मान घालून, आमेन.

बाप: मला ऐकू नाही आलं.

लेक: कसं येणार? तेवढ्यात तुम्ही नळ सोडलात. मला आवाज आला होता. भरभरून सोडलात.

बाप: पुढचं ऐकायला नको म्हणून सोडला.

लेक: हो.

बाप: बादली भरून वाहिली तरी बंद केला नाही.

लेक: मीच येऊन बंद केला. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात. मला वाटलं, रडताय.

बाप: मग हे गाण्यात का नाही? कडवं शिवीवर संपतं. कागदावर तर पुढे काहीच नाही.

लेक: लिहिलं होतं. चालीत बसेना, काढून टाकलं. शिवाय वाटलं, आमेन काय, ते सगळ्याच चर्चच्या गाण्यांत असतं.

बाप: वाटलं तुला!

लेक: ओरडू नका, माईक चालू आहे.

बाप: असू दे चालू. बाहेर गेला असेल आवाज तर जाऊ दे.

पाळक: गेला, काका. पायरीपर्यंत. मी ऐकायला थांबलो नव्हतो, पण आपला मोठा स्पीकर दाराकडेच तोंड करून आहे.

बाप: किती ऐकलंत?

पाळक: नळापासून पुढे. काका, मला वाईट वाटतं. पण पंचांचं ठरलं आहे, ते सांगतो. गाणं होऊ द्या, म्हणतात. सगळं. फक्त तो शब्द आला की तुम्ही मिक्सरवरची आवाजाची पट्टी खाली घ्यायची. एका शब्दापुरती. तुमचा हात बसलेला आहे, कुणाला कळणारही नाही. ताईंचं गाणं होईल, मंडळीचंही राहील.

लेक: बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही खाली घेतलीत तरी मी गाईन.

बाप: साडेसहाची गाडी?

लेक: जाऊ दे ती.

बाप: नाही जमायचं, पाळकसाहेब.

पाळक: अहो, एक शब्द.

बाप: आयुष्यभर हेच काम केलंय मी. आमच्या घरात दोघांनी केलं. हात कितीही चपळ असू दे, शब्द कधीच पट्टीखाली सापडत नाही. तो निसटतो. पुढचं जातं.

पाळक: पुढे आहे काय पण? कागदावर ओळ तर तिथेच संपते.

बाप: पुढे आमेन आहे. ही आज घालतेय.

लेक: चालीत बसत नाही, बाबा.

बाप: नको बसवू. गिटार थांबव आणि नुसतं बोल. ती बोलली तसं. माझ्या माणसाला, ते सुद्धा. मी माईक उघडा ठेवतो.

पाळक: आणि त्या शेवटच्या बाकावरच्या बाई?

बाप: त्या आत यायच्या आधी मी पायरीवर त्यांना भेटतो. काय ऐकू येणार आहे, कुणी कुणाला म्हटलंय, ते सगळं सांगतो. नको वाटलं तर तेवढं एक गाणं बाहेर बसू आम्ही दोघं. मिक्सरवर तुम्ही बसा. काही हलवायचं नाही, नुसतं बसायचं.

पाळक: आणि बाकीची मंडळी? तो शब्द ऐकून काय म्हणतील, याचा विचार केलात?

बाप: केला. आमेन ऐकलं की आमेन म्हणतील. सवय आहे.