आप्पांच्या झाडीतली टेकडी

आणि तरीही मी म्हणतोच, आप्पा, उपग्रह खोटं बोलला नव्हता! तुम्ही उगाच त्याला शिव्या दिल्या.

माफ करा मंडळी. शोकसभेत कुणी असं सुरू करत नाही. पण दिवाळीपासून आमचं फोनवर हेच चाललं होतं, तोंडाला तीच सवय लागली. तुम्ही सगळे समाजमंदिरात बसलात, मी इथं राजस्थानात वाळूत उभा. सुट्टी मिळाली नाही. आप्पांच्या लेकीनं, सुनंदाताईनं, फोन माईकला लावून धरलाय. सगळं लिहून काढलंय. मध्येच थांबलो तर रेंज गेली असं समजा.

भांडण कशाचं? आपल्या डोंगराच्या पायथ्यापासून तळ्यापर्यंत पाण्यासाठी चर खणायचाय. त्याचा आराखडा उपग्रहानं मोजलेल्या उंचीवरून झाला. त्यात आप्पांच्या झाडीत उंचवटा दाखवलाय. तो कापून चर सरळ न्यायचा, असं ठरलंय. उंचवटा कापायचा म्हणजे झाडं जाणार. आप्पांनी लावलेले लिंब, करंज, चिंचा, सगळं.

आप्पा म्हणायचे, "आरं, कसला उंचवटा? तिथनं रोज सायकल नेतो मी. कधी उतरून ढकलावी लागली न्हाई."

मी म्हणायचो, "आप्पा, ते आभाळातून बघतंय. तुम्ही चष्म्यातून."

"मग त्याला म्हनावं, खाली ये आन् चालून बघ!"

नववीत शाळा सोडलेला मी, पण मोबाईलवर रंगीत नकाशा दाखवताना काय माझा तोरा! दिवाळीत खालच्या माळावर आम्ही दोघांनी पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन्ही टोकांची पातळी बघून उंची मोजली. तिथं आप्पा हरले बरं का! त्यांना उतार मारुतीकडे वाटत होता, निघाला उलटा. उपग्रहाचं बरोबर. दुसऱ्या दिवशी झाडीत मोजायचं ठरलं आणि मला कामावरून बोलावणं आलं. आप्पा म्हणाले, "जा. तू आल्याबिगर नळी लावनार न्हाई. न्हाईतर म्हनशील, म्हाताऱ्यानं नळी वाकडी धरली."

मंडळी, आता ऐका! आमचं इथलं काम हेच, की उपग्रहाच्या आकड्यात चूक किती ते शोधायचं. मी काठी धरतो. काठीवरचं यंत्र जागेची खरी उंची सांगतं. ती उपग्रहाच्या उंचीशी ताडून बघायची. उघड्या माळावर फरक असतो माणसाच्या उंचीएवढा, कधी थोडा जास्त. पण एके दिवशी आम्ही बाभळीच्या दाट रानात शिरलो आणि फरक एकदम वाढला. जमीन तर ताटासारखी सपाट! मी म्हटलं, यंत्र बिघडलं. इंजिनियर हसले. म्हणाले, "यंत्र नाही बिघडलं. उपग्रह वरून लहरी सोडतो. दाट झाडीत त्या पाल्यावरूनच परत फिरतात. शेंड्यांनाच तो जमीन समजतो."

मी काठी धरून तिथंच ओरडलो, "आप्पाऽऽ!" सगळे बघायला लागले. लगेच फोन लावला. म्हटलं, आप्पा, तो खोटं बोलत नाही! त्यानं तुमची झाडं मोजलीत!

आप्पा म्हणाले, "म्हंजी माझी झाडं त्याला टेकडी वाटली व्हय?" आणि असे हसले, असे हसले, की ठसका लागला. सुनंदाताई, पाणी तूच दिलंस ना? "लई मोठी झाली म्हन की रं!" म्हणाले. कळशीनं पाणी घालून वाढवलेली रोपं! हिवरे बाजारला झाडं-पाणी बघायला पाहुणे येतात, आपल्या गावाला आभाळातून टेकडी दिसते. कुणाला जमलंय का हे?

भांडण मिटलं नाही, मंडळी. दोघंही जिंकलो. फक्त नळी लावायची राहिली, आणि आप्पा गेले.

सरपंच, पुढच्या आठवड्यात जेसीबी येतोय. झाडं कापून जो उंचवटा काढणार, तो उंचवटा म्हणजे झाडंच आहेत हो! आराखडा करणाऱ्या साहेबांशी मी बोललोय. चांगला माणूस. म्हणाले, जागेवर मोजून आकडे पाठवा, चर झाडीच्या बाजूनं वळवून देतो. माझ्या शब्दावर जाऊ नका. आप्पांच्याही जाऊ नका. मोजा.

तुम्हाला ठाऊक आहे, नळीतलं पाणी हलत असतं तोवर माप घेत नाहीत. दोन्ही टोकं धरून उभं राहायचं, पाणी थांबू द्यायचं. म्हणून आज तिथं बसून दोन मिनिटं शांत राहू नका. उद्या सकाळी सगळे झाडीत जा. एक टोक सुनंदाताई धरेल, दुसरं सरपंच तुम्ही धरा. पाणी थांबेपर्यंत कुणी बोलू नका. तेवढी शांतता आप्पांना.

जुनी नळी पिवळी पडलीय, आतलं पाणी दिसत नाही. नवी घ्या, लांब घ्या. नळीचे आणि सगळ्यांच्या चहाचे मिळून सुनंदाताईच्या फोनवर पाठवतोय, दीड हजार रुपये.