टिपूची मान

तुमच्या बड्या डॉक्टरांचं राहू द्या, आमच्या मद्रासच्या राव डॉक्टरांचं ऐका. तंजावरकडचे मराठी, जनावरांचे डॉक्टर. मी तेव्हा तिथे रेल्वेत होतो. आमच्या टिपू कुत्र्याची मान अशी आखडली, की ताटलीतला भात खायलाही त्याला वाकता येईना.

डॉक्टरांनी त्याच्या मागच्या पायाला सुई टोचली. टिपू नुसता कळवळला.

"वळून चावला असता तर बरं होतं," ते म्हणाले. "मणक्यातली गादी सरकून नस दाबलीय. ऑपरेशन करू. गळ्याकडून."

बायको उसळली, "दुखतेय मान आणि गळा कापणार?"

"मागून गेलो तर आधी मज्जारज्जू लागतो, वहिनी. पुढून वाट मोकळी आहे."

"अशी किती केलीत?" मी विचारलं.

"हे पहिलंच."

खोटं बोलले असते तर मी कुत्रा उचलून घरी आणला असता.

टाके काढले त्या दिवशी त्यांनी पुन्हा सुई टोचली. टिपू गर्रकन वळला आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावला. मी घाबरून पट्टा ओढतोय, आणि हा माणूस रक्ताळलेला हात उंचावून कंपाउंडरला हाका मारतोय, "अय्यो, धावत ये! मान बघ, पुरती वळली!"