मी न लिहिलेली मेल

खाली सही करणारी बाई, वय ५४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, दुकानावरची खोली. आज शुक्रवारी दुपारी ठाण्यात स्वतः येऊन, कोणीही न पढवता सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. मला एकच मुलगी. तिचे लग्न चार वर्षांपूर्वी झाले. जावयाचे चौकात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. लग्न ठरले तेव्हा त्याने मला फोन आणून दिला आणि मेलचे खातेही त्यानेच पासवर्ड घालून उघडून दिले. 'आई, तुम्ही फक्त वाचायचं, बाकीचं माझ्यावर सोडा,' असे म्हणाला. असा जावई शोधून सापडणार नाही, असे मी गल्लीभर सांगत फिरले. माझीच जीभ.

पाच महिन्यांपूर्वी मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.  प्लास्टरवरून जाईल अशी बाही उसवून दिली. दुसऱ्या दिवशी ती परगावी निघून गेली. कोणत्या गावी, ते मीच तिला सांगू दिले नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गिऱ्हाइकांनासुद्धा ठाऊक आहे. तिचा नवा नंबरही मी घेतला नाही. जावई फोनवाला, म्हणून आम्हा दोघींना फोनचीच धास्ती. मेलवर लिहायचे ठरले. ती कामाच्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवरून लिहायची. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची मेल उघडायची नाही, असे मी तिला बजावून ठेवले होते.

मुलगी लहानपणी दुकानात जमिनीवर पडलेल्या टाचण्या वेचायची, म्हणून मी तिला टाचणी म्हणते. तिच्या लग्नानंतर मी हे नाव चारचौघांत घेतलेले नाही, जावयासमोर तर कधीच नाही. फक्त मेलमध्ये लिहायचे.

गेल्या आठवड्यात जावई माझ्या दुकानात आला. शिलाई मशीनसाठी तेलाची बाटली घेऊन आला होता. गिऱ्हाइके बसली होती, म्हणून मी त्याला हाकलले नाही. मशीनला तेल घालता घालता म्हणाला, 'केस बारीक कापलेत म्हणे तिने. शोभत असतील.' केस कापल्याचे तिने मला त्याआधी दोनच दिवस लिहिले होते.  शेजारची सून एका ऑफिसात हिशेब बघते, तिच्याकडून त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलून घेतला. मग जरा जिवात जीव आला.

काल दुपारी तो पुन्हा आला. दारातूनच म्हणाला, 'पासवर्ड बदललात ते बरं केलंत, आई. दिवस वाईट आहेत.' मी बटणांची काजे करत होते, सुई बोटात गेली. तो हसून निघून गेला. जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले की त्याने धमकी दिली का. नाही. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. तो कधीच चढवत नाही.

शेजारची सून काल माहेरी होती, आज सकाळी आली. तिने माझा फोन घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, 'काकू, तुम्हाला येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत दुसऱ्या पत्त्यावर जाते आहे. खातं उघडलं तेव्हाच कुणीतरी तशी सोय करून ठेवलीय. पासवर्ड बदलून ती बंद होत नाही.' खाते जावयानेच उघडलेले. पासवर्ड बदलल्याची सूचना मेलवरच येते, ती त्यालाही गेली, असे ती म्हणाली.

मग तिने काढून टाकलेल्या मेल उघडल्या. त्यात माझ्या खात्यावरून मुलीला गेलेली एक मेल होती, पासवर्ड बदलण्याच्या आदल्या दिवशीची. 'टाचणे, आता राहवत नाही. पत्ता पाठव, पुढच्या शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने येते. कुणाला सांगू नकोस.' खाली 'तुझी आई'. मी ती लिहिलेली नाही. पण मी वाचली तेव्हा मलाच क्षणभर वाटले की मी लिहिली असेल. इतकी माझ्यासारखी होती.

तिचे उत्तरही तिथेच होते, तेही मी कधी पाहिले नव्हते. 'तूच पत्ता नको म्हणायचीस ना गं? पण टाचणी म्हणालीस आणि रडूच आलं. ये. शुक्रवारी अर्धी रजा टाकते, स्टँडवर घ्यायला येते.' त्याखाली तिचा पत्ता आहे. तो मी साहेबांना दाखवला आहे. तो या जबाबात लिहू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

सुनेने प्रती जाणे बंद केले. मग मी मुलीला तीन मेल पाठवल्या की स्टँडवर जाऊ नकोस. सुनेनेही स्वतःच्या खात्यावरून एक पाठवली. उत्तर नाही. सुनेची मेल ती उघडणार नाही, कारण मीच तसे बजावले आहे. आणि अर्धी रजा म्हणजे ती कॉम्प्युटरपासून उठलीसुद्धा असेल. इथे येताना चौकात पाहिले, जावयाच्या दुकानाचे शटर खाली होते. शेजारचा चष्मेवाला म्हणाला की पहाटेच बॅग घेऊन गेला, सासूबाईंना भेटायला जातो म्हणाला.

माझ्याकडे तो आलेला नाही.

साहेब त्या गावच्या ठाण्याला फोन लावत आहेत, अजून लागलेला नाही. मला इथे बसून राहवत नाही, तरी बसले आहे.

वरचा मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शब्द न् शब्द माझ्याच तोंडचा आहे. खालची सही माझ्या हातची आहे. तिथले पोलीस मुलीला गाठतील तेव्हा माझे नाव सांगून भागणार नाही, या सहीचा फोटो तिला दाखवावा. ही ती ओळखेल.