डॉल्फिनचे टॉवेल

हसू नका, पण आमच्या अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याला एकदा डॉल्फिनची ऑर्डर आली होती. कोकणातून एका बाईंचा फोन होता, वीस टॉवेल हवे होते. किनाऱ्यावर अडकलेला डॉल्फिन समुद्रात सोडेपर्यंत त्यांचं पथक त्याच्या अंगावर ओले टॉवेल टाकतं. "फक्त डोक्यावरचं भोक झाकायचं नाही, तिथूनच तो श्वास घेतो," त्या म्हणाल्या.

कारखाना सांभाळणाऱ्या माझ्या काकांनी लई मनावर घेतलं. "मुका जीव गुदमरला तर पाप आपल्याला लागंल की!" म्हणत त्यांनी वीसही टॉवेलांना मधोमध भोक पाडून, कडा शिवून पाठवले.

महिन्याने पुन्हा फोन. मी घाबरतच विचारलं, "डॉल्फिन वाचला का?"

"वाचला. साध्या चादरीत."

"आणि आमचे टॉवेल?"

"आमची माणसं भोकातून डोकं काढून वाऱ्यात उभी राहतात. अजून दहा पाठवा."