उशीखालचा मंत्र

"गुरूने दिलेला मंत्र तिसऱ्याच्या कानी पडला, की त्याची शक्ती जाते," तंजावरच्या हृदयरोग दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेले वरुणराव बायकोला सांगत होते.

"मग मनातल्या मनात जपा की. आता तुमचाच नंबर."

"कसा जपू, भामा? ध्यानवर्गाचे गुरुजी नाशिकचे, चिठ्ठी देवनागरीत. मला वाचता येतं ते तमिळ."

"अय्यो! मग चाळीस दिवस काय केलंत?"

"उशीखाली ठेवली."

"वर्गात कुणाला तरी विचारायचं!"

"मराठी म्हणवून घेतो, आणि हे विचारू?"

"ह्यांच्या हातात मराठी पेपर आहे. द्या त्यांना."

"शक्ती जाईल गं!"

"आता आत बोलावतील. द्या!"

मी चिठ्ठी वाचून दाखवली, "उद्यापासून सतरंजी घरून आणावी."